ऐंशी एमबीचा आश्विन

गणपतीचे मांडव उतरलेले असतात आणि नवरात्राचे अजून चढायचे असतात. त्या मधल्या पंधरवड्यात मराठी माणूस दोन गोष्टी शिजवतो. पितरांसाठी खीर आणि वाचकांसाठी दिवाळी अंक. खीर वेळेवर होते.

यंदाही हा पंधरवडा आला. दुपारी ऊन चटका देऊ लागलं, संध्याकाळी एखादी चुकार सर येऊन रस्ते नुसतेच चिकट करून गेली, आणि माझ्या फोनने कळवलं की त्याच्यातली जागा संपत आली आहे. सोबत त्याने एक यादीही दिली. हे तुम्ही बऱ्याच दिवसांत वापरलेलं नाही, काढून टाकू का? फोनचा सूर अगदी नम्र होता. तपासनिसांचा कपाट उघडण्याआधी असतो तसा. यादीत पंचांग होतं, कारण ते मी लग्नसराईतच बघते. आमच्या घरात चकलीचा सोऱ्याही वर्षातून एकदाच खाली उतरतो. फोनच्या हाती घर दिलं असतं तर सोऱ्या केव्हाच भंगारात गेला असता आणि दिवाळीत आम्ही विकतच्या चकल्यांना नावं ठेवत बसलो असतो.

जागा पुरत नाही ही तक्रार मला नवी नाही. तिची आणि माझी ओळख ठाण्याला झाली, नौपाड्यात, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. मी डोंबिवलीच्या एका कॉलेजात सकाळचे तास घेत असे आणि दुपारी शरयूताईंच्या डीटीपीच्या दुकानात प्रूफं तपासायला जात असे. दुकान म्हणजे एका दवाखान्याच्या मागची खोली. भिंतीपलीकडून स्पिरिटचा वास येई, अलीकडे गरम झालेल्या लेझर प्रिंटरचा. खोलीत एक कॉम्प्युटर होता आणि त्याच्यासाठी एसी होता. एसी माणसांसाठी नव्हता. आम्हाला तो कॉम्प्युटरचे नातेवाईक म्हणून मिळे. चपला बाहेर काढाव्या लागत. लोक दारातून वाकून आत बघत आणि आवाज आपोआप खाली आणत. मी देवळांतही एवढी शांतता पाहिलेली नाही.

त्या देवाच्या पोटात ऐंशी एमबी जागा होती. आज एखाद्या नातवाच्या बारशाचे फोटो तेवढ्यात मावणार नाहीत. आमचे त्यात तीन दिवाळी अंक, एका पतपेढीचा अहवाल आणि ते सगळं चालवणारे प्रोग्राम असा एकत्र कुटुंबाचा संसार होता. प्रोग्राम फार ऐसपैस बसत. मजकूर बिचारा कोपऱ्यात अंग चोरून असे.

खोलीत आम्ही तिघं. शरयूताई मालकीणही आणि टाइप करणाऱ्याही. मी प्रूफवाली. आणि तिसरे मेस्त्रीकाका. ते उमेदवारीपासून खिळ्यांच्या छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवता जुळवता केस पांढरे झाले आणि मग छापखानाच बंद झाला. शरयूताईंची पहिली नोकरी त्याच छापखान्यातली, त्यामुळे त्यांनी काकांना आपल्याकडे बोलावलं. काका बटरपेपरवर छापून आलेल्या मजकुराच्या पट्ट्या कापून पानावर चिकटवत. हात असा स्थिर, की पट्टी तिरकी गेली तर पानालाच लाज वाटावी. पण हे चिकटवणंही फार दिवस चालणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. पुढे पानं कॉम्प्युटरवरच लागणार होती.

म्हणून शरयूताईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं, "काका, दिवाळीपर्यंत कीबोर्ड शिका. लग्नपत्रिकांचं काम सगळं तुमच्याकडे द्यायचंय मला."

काका या वयात शिकणार की घरी बसणार, एवढाच तो प्रश्न होता. त्याचं उत्तर ते रोज जेवणाच्या सुट्टीत शोधत. मी आणि ताई मागच्या व्हरांड्यात डबे उघडायचो आणि ते एकटे मशीनसमोर बसायचे. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरसोबत एक शिकवणीचा प्रोग्राम आला होता. पडद्यावर अक्षर यायचं, आपण कळ दाबायची, बरोबर असेल तर पुढचं अक्षर. चुकलं की मशीन 'टुंग' करायचं. व्हरांड्यात आम्हाला ते टुंग टुंग ऐकू यायचं आणि आम्ही ते न ऐकल्यासारखं करून लोणच्याबद्दल बोलायचो. गणपतीत ते फार वाजायचं. पितृपक्षापर्यंत बरंच कमी झालं होतं. काका जोडाक्षरांपर्यंत आले होते.

नेमकं तेव्हाच डिस्क भरली.

तिच्यावर शेवटचा घाला घातला तो अध्यक्षांनी. आमच्या तीन अंकांपैकी एक ठाण्याच्या एका सांस्कृतिक मंडळाचा होता. मंडळाचे अध्यक्ष संस्कृतीचं काम फेटा बांधून करत. त्यांनी संपादकीयासमोर आपला पानभर फोटो छापायचं ठरवलं होतं. फेटा, शाल, हातात मानचिन्ह, आणि नजर आपल्या डाव्या बाजूला उभ्या असलेल्या भविष्याकडे. शरयूताईंनी तो नव्या स्कॅनरवर चढवला. स्कॅनर कुरकुरत राहिला, आणि शेवटी मशीनने जागा नसल्याचं जाहीर करून हात वर केले.

मशीन बिघडलं की मोरेश्वर यायचा. चेंदणी कोळीवाड्यातला, बोलण्यात पाण्यासारखा. त्याच्या घरी होडी होती आणि हा एकटा स्कूटरवरून कॉम्प्युटर दुरुस्त करत ठाणेभर हिंडायचा. आला, खुर्चीत बसला, पडद्याकडे बघून हसला.

"काय गो ताई, कोणाला चढवलंय यात? पोट टम्म फुगलंय."

"अध्यक्ष आहेत," शरयूताई म्हणाल्या.

"एकटेच? का सगळी बॉडी?"

"एकटेच."

मोरेश्वरने आकडा पाहिला आणि शीळ घातली. "प्रूफबाई, तुमचा आख्खा अंक घ्या. कथा, कविता, भविष्य, सगळं. तसे दहा अंक मावतील या एका फेट्यात."

मी तोपर्यंत साहित्याविषयी बरंच काही वाचलं होतं, पण त्याचं वजन कोणी इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितलं नव्हतं. अडीचशे पानांचा मजकूर, त्यातली सगळी प्रेमं, मरणं आणि राशिफळं धरून, एका फ्लॉपीवर मावून वर जागा उरत होती. अध्यक्ष मात्र एका फ्लॉपीत बसायला तयार नव्हते. पुढे आयुष्यात अनेक सत्कारांना बसावं लागलं. दर वेळी व्यासपीठाकडे बघताना मला हा हिशेब आठवतो आणि वेळ बरा जातो.

मोरेश्वरने खिशातून एक फ्लॉपी काढली. तिच्यात एक परदेशी प्रोग्राम होता. इतर प्रोग्रामांचं वजन उतरवणं हा त्याचा धंदा. प्रोग्राम काढायचा नाही, तो चालूच ठेवायचा, पण त्याच्या अंगावरचं फालतू मांस तेवढं उतरवायचं. तो एकेका प्रोग्रामला उभा करून त्याच्या खिशांत काय काय आहे ते दाखवत असे. हे लागतं का? नाही? काढू?

ती झडती बघायला मजा आली. आमच्या पानं लावणाऱ्या प्रोग्रामजवळ नॉर्वेजियन भाषेचा शब्दकोश निघाला. डचही निघाला. नौपाड्यात आजवर कोणी ते मागितले नव्हते. जगातल्या एकूण एक प्रिंटरची माहिती निघाली आणि आमच्याकडे प्रिंटर एकच. बर्फातली झाडं, बेसबॉलच्या बॅटी, टर्की नावाचा पक्षी ताटात झोपलेला, अशी चित्रं निघाली. मोरेश्वर हाक देई, ताई मान हलवत, की ते गेलं. जागा उघडत होती आणि माझ्यातल्या प्रूफवालीला गुदगुल्या होत होत्या. माझंही काम हेच होतं. लेखकाने 'नितांत सुंदर आणि अत्यंत मनोहर अशी रम्य संध्याकाळ' लिहिली की तिच्यातली फक्त संध्याकाळ ठेवायची. लेखक रागवत, पण संध्याकाळचं काही अडत नसे.

शेवटी त्या प्रोग्रामने एक सोय देऊ केली. सगळ्या प्रोग्रामांसोबत आलेल्या शिकवण्या एकदम काढायच्या का? मोरेश्वर म्हणाला, "ताई, या ट्यूटरच्या डिरेक्टऱ्या. नवशिक्यांसाठी असतात. तुमी तर मास्टर झाल्यात."

"काढ," ताई म्हणाल्या.

मेस्त्रीकाका तेव्हा छापखान्यात चिकटवून झालेली पानं पोचवायला गेले होते. मोकळ्या झालेल्या जागेत अध्यक्ष लगेच पाय पसरून बसले. त्यांच्यामागून दोन उपाध्यक्ष आणि कार्याध्यक्षही आले. संध्याकाळपर्यंत डिस्क पुन्हा भरली होती, पण आता कामापुरती चालत होती. आम्ही खूश होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही व्हरांड्यात डबे उघडले. आतून टुंग काही ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "काकांचा हात बसला वाटतं." ताई हसल्या. आम्ही आत आलो तेव्हा काका नव्हते. कात्री, पट्टी, गोंदाची बाटली एका ओळीत ठेवलेली होती आणि त्यांची कापडी पिशवी खिळ्यावर नव्हती. बरं वाटत नसेल, असं आम्ही धरून चाललो. त्यानंतर ते आलेच नाहीत. त्यांच्याकडे फोन नव्हता. रविवारी शरयूताई म्हणाल्या, "चल गं, बघून येऊ."

काका मोहन्याला राहत. आंबिवली स्टेशनवर उतरलं की गर्दी अशी पातळ व्हायची, की आपण मुंबईच्या बाजूने आलो यावर विश्वास बसत नसे. भात पिकायला आलं होतं. हिरवा रंग अजून गेलेला नव्हता आणि पिवळा पुरता आलेला नव्हता, त्या मधल्याच रंगात शेतं उभी होती. रिक्षा खडखडत जात होती. लांबवर रेयॉनच्या कारखान्याची चिमणी दिसली. काकांचे थोरले भाऊ त्या कारखान्यात होते आणि काका त्यांच्याच शेजारच्या खोलीत. ताईंनी पिशवीत मोसंबी घेतली होती, आजाऱ्याला न्यायची असतात म्हणून.

आजारी कोणी नव्हतं. काका ओट्याजवळ पाटावर बसून तूरडाळ निवडत होते.

काकू म्हणाल्या, "या, बसा. बघा, चार दिवस झाले, घरातली डाळ, तांदूळ, सगळं निवडून ठेवलंय. एक खडा सुटत नाही तावडीतून. आता शेजारणी आपापली डाळ आणून देतायत."

"काका," शरयूताई म्हणाल्या, "येत का नाही तुम्ही?"

काकांनी ताट बाजूला सरकवलं. "येऊन काय करू, बाई? तुम्ही केस उतरवलीत ना."

ताईंना कळेना. मला तर मुळीच कळेना. मग काकांनी सांगितलं. खिळे ज्या लाकडी खणांच्या पेटीत ठेवतात तिला केस म्हणतात. प्रत्येक कंपोझिटरची आपली केस, आपल्या घोडीवर, म्हणजे लाकडी स्टँडवर, मांडलेली. छापखान्यात मालक कधी कोणाला तोंडावर 'उद्यापासून येऊ नकोस' असं म्हणत नसत. सकाळी माणूस कामावर आला की त्याची केस घोडीवर नसायची, उतरवून फळीवर ठेवलेली असायची. तो समजून घ्यायचा. भांडण नाही, बोलाचाली नाही. आपली हत्यारं जागेवर लावून ठेवायची आणि निघायचं.

"त्यात एक सभ्यता होती," काका म्हणाले. "मला वाईट नाही वाटलं. दुपारी बसलो, बघतो तर धडा नाही. म्हटलं बाईंनी बरोबर केलं. मला बोलल्या असत्या तर त्यांनाच जड गेलं असतं."

शरयूताईंच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. "अहो काका, ती केस नव्हती. मशीनमध्ये जागा नव्हती म्हणून काढलं."

"जागा नसते म्हणूनच उतरवतात, बाई."

काकू चहाचे कप घेऊन आल्या. "मी म्हणत होते यांना, विचारा तरी. तर म्हणे, अशा गोष्टी विचारायच्या नसतात. तीस वर्षं बघतेय मी. पानात मीठ नसलं तरी विचारत नाहीत. कमी घातलंय म्हणजे काहीतरी कारण असेल, असं समजून जेवतात."

ताई म्हणाल्या, "काका, उद्या या. धडा असेल."

काकांनी पुन्हा ताट ओढलं. "आधी असू दे, मग येतो," ते म्हणाले. अढी नव्हती त्यात. ज्याच्या घोडीवर केस नाही त्याने उभं कुठे राहायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. निघताना काकूंनी आमच्याच मोसंब्यांतली दोन आम्हाला परत दिली.

सोमवारी सकाळी शरयूताईंनी कपाटातून मराठी सॉफ्टवेअरच्या मूळ फ्लॉप्या काढल्या. पावसाळ्यात फ्लॉप्यांना बुरशी धरायची, म्हणून त्या तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या असत. शिकवणीची फ्लॉपी धडधाकट निघाली. फक्त तिच्यापुरती जागा डिस्कवर नव्हती. मोरेश्वरला बोलावलं. घडलेलं ऐकून तो लगेच खुर्चीत बसला. मग त्याने झडतीचा प्रोग्राम पुन्हा लावला. पण प्रोग्राम आता हाडांपर्यंत आले होते. आणखी काढलं असतं तर त्यांना उभं राहता आलं नसतं. राहिले तीन अंक, पतपेढीचा अहवाल आणि ते चार फोटो.

"ताई, अंकातलं काही काढायचं का?" मोरेश्वरने विचारलं.

शरयूताईंनी पडद्यावर अध्यक्ष उघडले. फेट्याकडे थोडा वेळ पाहिलं. मंडळाचं काम गेलं असतं तर दुकानाला चटका बसला असता, हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं. त्यांनी तो फोटो पुसून टाकला आणि मूळ फोटो पुन्हा स्कॅनरवर ठेवला. या वेळी पासपोर्टच्या आकारात. स्कॅनर कुरकुरलाही नाही. मोकळ्या झालेल्या जागेत शिकवणी अलगद जाऊन बसली. मोरेश्वर कोणी न सांगता स्कूटर घेऊन स्टेशनवर गेला आणि तिथून मोहन्याला, काकांना आणायला.

काका दुपारी आले. हात धुऊन मशीनसमोर बसले, धडा उघडला. पडद्यावर अक्षर आलं. आम्ही व्हरांड्यात डब्यांची झाकणं न उघडता थांबलो होतो. आतून 'टुंग' आलं आणि शरयूताईंनी डोळ्यांना पदर लावला. चुकीच्या कळीचा आवाज इतका गोड लागलेला मला दुसऱ्या कुठल्या विद्येत आठवत नाही.

प्रूफं घेऊन मंडळाकडे जायची पाळी माझी होती. अध्यक्षांनी पान उलट करून पाहिलं, मग सुलट.

"फोटो जरा लहान वाटतो," ते म्हणाले.

"फार मोठ्या माणसांचे हल्ली लहानच लावतात," मी म्हटलं. "पानभर फोटो नवख्यांचे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या आपल्या पुरुषभर तसबिरीकडे पाहिलं आणि मान डोलावली. पुढच्या वर्षी दोन्ही उपाध्यक्षांनी आपला फोटो अध्यक्षांपेक्षा लहान असावा असा आग्रह धरला. त्यावरून मंडळात फूट पडली असं ऐकलं.

खंडेनवमीला शरयूताईंनी कॉम्प्युटरला झेंडूची माळ घातली. मोरेश्वर ओरडला, "ताई, कुंकू फ्लॉपीच्या तोंडात नको." काकांनी पिशवीतून आपली कंपोझिंगची जुनी पितळी पट्टी काढली आणि कीबोर्डच्या शेजारी ठेवली. ताईंनी दोन्हींवर एकाच चिमटीने हळद वाहिली. मंडळाचा अंक दिवाळीआधी बाहेर पडला. त्यात माझ्या नजरेतून दोन चुका सुटल्या होत्या. त्या अजून मला पाठ आहेत.

त्या हंगामाची मी ऋणी आहे. तोवर छाटण्याचं मला फार कौतुक होतं. प्रूफवाल्यांना ते असतंच. लाल शाईचं पेन हाती आलं की सगळं जग लांबलेलं वाटतं. त्यानंतरही मी विशेषणं उडवली, परिच्छेद उडवले, नंतर संपादक झाले तेव्हा सबंध लेखही उडवले. पण एखादी ओळ बिनकामाची वाटली की ती कोणासाठी असेल याचा एकदा विचार करायची सवय लागली. क्वचित ती लेखकाच्या आईसाठी असायची. तेवढी मी राहू दिली.

मोरेश्वरलाही एक सवय लागली. तुळशीचं लग्न झालं, लग्नपत्रिकांचा हंगाम सुरू झाला, आणि नव्या कामासाठी डिस्क रिकामी करायला तो आला. झडतीचा प्रोग्राम लावला. पण आता एकेका नावावर थांबून तो खोलीत मोठ्याने विचारू लागला, "हे कोणाचं आहे का?" ताई सांगत, मी सांगत, एकदा दवाखान्यातला कंपाउंडर भिंतीपलीकडून म्हणाला, "आमचं नाही." पतपेढीचा अहवाल गेला. तिन्ही अंक फ्लॉप्यांवर चढून कपाटात, तांदळाच्या डब्यात गेले.

मग शिकवणीचं नाव आलं. मोरेश्वर काही न विचारता ते ओलांडून पुढे निघाला.

"थांब," काका म्हणाले. ते टेबलाशी बसून एका पत्रिकेचा मसुदा मशीनवर घ्यायच्या आधी वाचत होते. "मागे जा. ते काढ."

"राहू दे ना काका. आता जागा आहे."

"कशाला अडवायची? माझं झालं."

मोरेश्वरने ताईंकडे पाहिलं. ताईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान वर केली नव्हती. वधूच्या मामांच्या नावावर बोट ठेवून ते पुढची ओळ वाचत होते.